वरवर निवडलेली रास

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या न्यू जर्सीच्या घरी आमचा भाचा जेवायला आला होता. दिवे लागले, किद्दुश झाला, पाने मांडली. एरवी हा मुलगा नारळाच्या दुधातले मटण दोनदा मागून घेतो. त्या दिवशी मात्र नुसता भात चिवडत बसला. आम्ही विचारले, "काय रे, बरे नाही का?" तो म्हणाला, "तब्येत बरी आहे, मामा. पण तुम्हांला एक विचारायचे होते. खोटे बोलणे आणि पोटासाठी खोटे लिहिणे, यांत काही फरक आहे का?"

प्रश्न जेवणाच्या टेबलावरचा नव्हता. पण ज्या घरात असे प्रश्न जेवताना विचारता येत नाहीत, तिथे ते कुठेच विचारले जात नाहीत. म्हणून आम्ही त्याला सविस्तर सांगायला लावले. त्या रात्री जे बोलणे झाले आणि त्यानंतर आम्ही जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्यांपैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई आज याच धंद्यात आहेत, आणि आपण सगळेच रोज त्या धंद्याचे गिऱ्हाईक आहोत.

आमचा भाचा ठाण्याचा. पुढचे शिक्षण त्याने इथे अमेरिकेत केले आणि आता तो एका एजन्सीत नोकरी करतो. मुलगा नेमके काय काम करतो हे आमच्या बहिणीला शेजारणींना सांगता येत नाही. "काँप्युटरमध्ये आहे" एवढे म्हणून ती मोकळी होते. खरे सांगायचे तर आम्हांलाही ते त्या रात्रीपर्यंत धड ठाऊक नव्हते. त्याच्या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणतात. कोणी गूगलवर "जवळचा दातांचा डॉक्टर" असे लिहून शोधले की नावांची यादी पुढे येते. त्या यादीत पहिल्या चारपाचांत जो असतो त्याचा फोन वाजतो. दुसऱ्या पानावर जाण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. आपल्या क्लायंटचे नाव त्या यादीत वर कसे चढेल हे पाहणे, हे या मुलाचे काम.

या धंद्याचे मूळ काही नवीन नाही. जी मंडळी १९७० च्या सुमारास या देशात आली त्यांना टेलिफोनचे पिवळे पुस्तक आठवत असेल. त्यात नावे वर्णानुक्रमाने लागत, म्हणून कित्येक नळकामवाले आणि कुलूपवाले आपल्या दुकानाचे नाव 'एएए' ने सुरू करीत. कारागिराच्या हातात कसब किती, याचा त्या तीन अक्षरांशी काही संबंध नव्हता. आपले लोकही म्हणत आलेच आहेत की बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते.

गूगलची गोष्ट मात्र थोडी निराळी होती. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन तरुणांनी ही कंपनी काढली. त्यांची मूळ कल्पना साधी होती. एका वेबसाइटने दुसरीकडे जाणारी लिंक दिली की ती एक शिफारस समजायची. आणि ज्याची स्वतःची पत मोठी त्याच्या शिफारशीचे वजनही अधिक धरायचे. गावात आपण हेच करीत होतो. चार भले लोक ज्याचे नाव घेतात तो माणूस बरा असावा, असा अंदाज बांधीत होतो. पण शिफारशीला बाजारात किंमत आली की शिफारशी विकायला कोणीतरी दुकान मांडून बसतोच. तसेच झाले.

जे. सी. पेनी या जुन्या आणि नावाजलेल्या दुकानाचे उदाहरण फार गाजले. २०१० च्या सणासुदीच्या दिवसांत कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, यादीत पहिले नाव याच दुकानाचे येत असे. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने शोध घेतला तेव्हा असे आढळले की, कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर या दुकानाच्या लिंका पेरून ठेवल्या आहेत. गूगलने कारवाई करताच प्रवासी बॅगेच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले हे दुकान दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेले. आम्हांला याची काही कल्पना नव्हती, असे दुकानवाल्यांनी सांगितले आणि आपल्या एजन्सीला काढून टाकले.

इथपर्यंत ऐकून आम्ही म्हणालो, "अरे, मोठ्या दुकानांच्या या लढाया. गालिचा पहिल्या दुकानातून घेतला काय आणि दहाव्यातून घेतला काय, कोणाचे काय बिघडले?" तेव्हा त्याने आपली अडचण सांगितली.

त्याच्या एजन्सीकडे एक नवा क्लायंट आला होता. म्हाताऱ्या माणसांची घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या बायका पुरवण्याचा त्याचा व्यवसाय. व्यवसाय नवा, त्यामुळे त्याच्याविषयी कोणी काही लिहिलेले नाही. मालकाने भाच्याला सांगितले, "महिन्याभरात चाळीस रिव्ह्यू लिही. निरनिराळ्या नावांनी. मुलींनी आपल्या आईविषयी लिहिल्यासारखे असू देत. दोनतीन ठिकाणी किरकोळ तक्रारही घाल, म्हणजे खरे वाटेल." भाच्याने काकू केले तेव्हा मालक हसून म्हणाला, "या धंद्यात सगळेच करतात."

भाचा एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी सुटली तर नवी मिळवायला किंवा देश सोडायला कायद्याने फार तर ६० दिवस मिळतात. ठाण्यात घराचे हप्ते चालू आहेत. हे सगळे ठाऊक असूनही त्याला "सोड नोकरी" असे टेबलाच्या या टोकाकडून सांगणे आम्हांला फार सोपे होते. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून ठेवायला हिंमत लागत नाही. म्हणून आम्ही त्या रात्री लगेच काही उत्तर दिले नाही.

पुढचे काही दिवस आमच्या मनात हाच विषय घोळत होता. माल विकणे पाप नाही, मालाची तारीफ करणेही पाप नाही. मग नेमकी रेघ कुठे ओढायची? शोधता शोधता आम्हांला मिश्नामधला एक उतारा सापडला. बावा मेत्सिया या भागाच्या चौथ्या अध्यायात दुकानदारांचा विचार आहे. मिश्नाचे संकलन इ. स. २०० च्या सुमाराचे. पण वाद आजच्या एजन्सीत चालावा असा आहे. रब्बी यहूदा म्हणतात, दुकानदाराने मुलांना फुटाणे आणि अक्रोड वाटू नयेत, कारण त्याने मुलांना त्याच दुकानाची सवय लागते. इतर विद्वान म्हणतात, वाटू देत, त्यात गैर काही नाही. अब्बा शाऊल म्हणतात, भरडलेले कडधान्य निवडून विकू नये. विद्वान म्हणतात, निवडू दे. म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडे ओढण्याला त्यांची ना नाही. परंतु एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे: राशीच्या फक्त तोंडाशी असलेले धान्य निवडून ठेवू नये. तसे करणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांची चोरी करणे होय.

आमच्या मते भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका वाक्यात आहे. सगळी रास निवडा, खडे काढा, पाखडा, चांगल्या टोपलीत ठेवा. ती तुमची मेहनत आहे आणि तिचा मोबदला मागायला लाजायचे कारण नाही. दवाखान्याचा पत्ता बरोबर आहे का, वेळा खऱ्या आहेत का, दर स्पष्ट लिहिले आहेत का, म्हाताऱ्या माणसाला ते पान वाचता येते का, हे सगळे पाहणे म्हणजे पूर्ण रास निवडणे. आमचा भाचा आठवड्यातले बरेच दिवस हेच करतो आणि ते चोख काम आहे. पण आत काय आहे याची फिकीर न करता वरचे चार दाणे चकचकीत करणे म्हणजे डोळ्यांची चोरी. आणि जो दाणा राशीत मुळातच नाही तो बाहेरून आणून वर ठेवणे, म्हणजेच खोटा रिव्ह्यू, ही तर चोरीच्याही पुढची पायरी झाली.

आपल्या कोकणातल्या वाडवडिलांपाशी मिश्नाचा ग्रंथ नव्हता. घाणा होता, बैल होता आणि तेलाचे माप होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. ते सगळेच साधुसंत होते असे आम्ही म्हणणार नाही. मापात पाप करणारा एखादा प्रत्येक आळीत असतोच. पण गावात त्याला एक धाक होता. तेल खराब निघाले तर बाई भांडे घेऊन त्याच्या दारात उभी राहत असे. आपल्या आडनावांत गावांचे पत्ते आहेत: पेणकर, नवगावकर, केहिमकर. साक्ष देणारा कोण आणि कुठला, हे नाव घेताच कळत असे. भाच्याला ज्या चाळीस मुली कागदावर जन्माला घालायच्या होत्या, त्यांना ना गाव होते, ना दार.

"सगळेच करतात" हे मालकाचे म्हणणे अगदीच खोटे नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने एकदा याची परीक्षाच घेतली. आमचे ब्रुकलीनमध्ये योगर्टचे दुकान आहे, अशी बतावणी करून त्यांच्या लोकांनी या धंद्यातल्या कंपन्यांना फोन केले. कित्येक कंपन्यांनी आपण होऊन खोटे रिव्ह्यू लिहून देण्याची तयारी दाखवली. फिलिपिन्स, बांगलादेश, पूर्व युरोप अशा दूरदूरच्या ठिकाणच्या गरजू लोकांकडून ते लिहून घेतले जात, आणि एका रिव्ह्यूला एक ते दहा डॉलर मिळत. २०१३ च्या सप्टेंबरात अशा १९ कंपन्यांनी हे प्रकार थांबवण्याचे मान्य केले आणि मिळून साडेतीन लाख डॉलरांहून अधिक दंड भरला.

आणखी एक उदाहरण कोकणच्या माणसाला कुतूहलाचे वाटेल. आपल्या आमसुलाच्या जातीचे दुसरे एक झाड आहे, गार्सिनिया कँबोजिया. त्याच्या फळाच्या अर्काच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी म्हणून इथे विकल्या जातात. अशा गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीने ॲमेझॉनवर पैसे देऊन खोटे रिव्ह्यू टाकवले, असा आरोप फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ च्या फेब्रुवारीत ठेवला. स्वतंत्र विक्रेत्याच्या वेबसाइटवर पैसे देऊन टाकलेल्या खोट्या रिव्ह्यूंवर कमिशनने केलेली ही पहिली कारवाई होती. पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये कमिशनने खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा स्पष्ट नियम केला आणि तो २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. यंत्राकडून लिहवून घेतलेले रिव्ह्यूही त्यात येतात. म्हणजे मालकाने सांगितलेले काम आज नुसते अनैतिक नाही, बेकायदाही आहे.

पण आम्हांला कायद्यापाशी थांबायचे नाही. कायदा पकडतो तो थोड्यांना. न पकडल्या गेलेल्याचे काय? त्यासाठी नुकसान नेमके कोणाचे होते, हे पाहिले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतीच्या कंबरेचे ऑपरेशन झाले. मुले दूर, एक कॅलिफोर्नियात आणि एक इस्राएलमध्ये. सहा आठवडे घरी मदतीला बाई हवी होती. भायखळ्याला असतो तर जिन्यात उभे राहून हाक मारली असती आणि चार घरांतून चार नावे आली असती. कोणती बाई हाताची चोख, कोणती तोंडाची फटकळ, सगळे कळले असते. इथे शेजाऱ्याचे पहिले नाव तेवढे ठाऊक. तेव्हा आम्ही रात्री बारा वाजता काँप्युटरपुढे बसलो आणि अनोळखी माणसांनी लिहिलेले रिव्ह्यू एकामागून एक वाचले. एका मुलीने लिहिले होते की, त्या बाईने माझ्या आईचे केस रोज विंचरले. ते वाचून आम्ही त्या संस्थेला फोन केला. बाई चांगली निघाली, देवाची कृपा. पण आज भाच्याची हकिगत ऐकल्यावर वाटते, ती मुलगी खरोखर होती का? की एखाद्या टेबलाशी बसून कोणाच्या तरी भाच्याने तिला लिहिले?

ज्याचे गणगोत गावात आहे तो यादी बघत नाही. तो बहिणीला विचारतो. यादीवर विसंबतो तो नव्याने आलेला, एकटा पडलेला, घाईत असलेला किंवा आजारी. हे व्यसनमुक्ती केंद्रांच्या बाबतीत इतके विकोपाला गेले होते की २०१७ च्या सप्टेंबरात गूगलने अशा शोधांवरच्या जाहिराती घेणेच थांबवले. हताश झालेले आईबाप रात्री जे शब्द लिहून मदत शोधत, त्याच शब्दांवर दलालांनी जाळे टाकले होते. पुढच्या वर्षी केंद्रांची तपासणी करण्याची व्यवस्था झाल्यावरच त्या जाहिराती पुन्हा सुरू झाल्या.

तोरामध्ये, वायिक्राच्या एकोणिसाव्या अध्यायात, खरी वजने आणि खरी मापे ठेवण्याची आज्ञा आहे हे आपण सगळे जाणतो. पण तिच्या अगदी आधीची आज्ञा कोणती, याकडे आमचे इतकी वर्षे लक्ष गेले नव्हते. ती आहे परक्याला छळू नका, तुम्हीही एके काळी मिसर देशात परके होता, ही. परका आणि माप, या दोन आज्ञा लागून आल्या आहेत. ओळखीच्या माणसाला खोटे माप घालणे कठीण असते. ते घातले जाते परक्यालाच. आणि आपण तर कोकणात परके, इस्राएलमध्ये नवखे, अमेरिकेत पुन्हा परके. परक्याचा शेजारी कोण, असे आज विचारले तर ही यादीच त्याचा शेजारी आहे. जो तिच्यात खोटे मिसळतो, तो परक्याचा शेजारी विकत घेतो.

यावर भाच्याने आम्हांला एक प्रश्न विचारला, आणि तो बिनतोड होता. "मामा, त्या मधुकाकांच्या केटरिंगला तुम्ही पाच तारे दिलेत ना? तुम्ही कधी जेवलात त्यांच्याकडे?" (नाव अर्थात आम्ही बदलले आहे.) आम्ही गप्प झालो. समाजातला माणूस, नवा धंदा, त्याने फोन करून विनंती केली, आणि आम्ही घास न खाता "उत्कृष्ट चव" असे लिहून मोकळे झालो होतो. त्यात आम्हांला एक पैसाही मिळाला नव्हता. पण न्यू जर्सीतल्या कोणा नवख्या कुटुंबाने ते वाचून मुलाच्या बार मिट्स्वाचे जेवण सांगितले असेल, तर त्यांना दिलेले आमचे माप खोटेच होते. लग्न जुळवताना "मुलगा अगदी निर्व्यसनी" असे न पाहता सांगणारे आपणच, नोकरीच्या पत्रात न पारखलेल्या नातलगाची तारीफ करणारे आपणच. यंत्राने नवे पाप निर्माण केलेले नाही. आपल्या भिडेखातर बोललेल्या खोट्याला त्याने हजार तोंडे दिली आहेत.

आता तर ती तोंडेही दिसेनाशी झाली आहेत. २०२४ च्या मे महिन्यापासून या देशात गूगल यादीच्या वर यंत्राने तयार केलेले उत्तर दाखवू लागले आहे. ते उत्तर इतरांनी लिहिलेल्या मजकुरातूनच बनते. त्यात कोणाचे वाक्य कुठे मिसळले हे गिऱ्हाइकाला सहज समजत नाही. तेलात भेसळ झाली की थेंब वेगळा काढता येत नाही, तसेच हे आहे.

पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. भाच्याने मालकाला सांगितले, "वेबसाइट मी उभी करतो, दर आणि वेळा नीट लिहितो. ज्या घरांत यांच्या बायका खरोखर जातात त्या घरांना फोन करून, चांगले असो वा वाईट, जे वाटेल ते लिहा अशी विनंतीही करतो. पण दुसऱ्याच्या नावाने मी लिहिणार नाही." मालकाने वाद घातला नाही. त्याने ते काम दूरदेशीच्या कोणाला तरी दर रिव्ह्यूमागे पैसे ठरवून दिले. महिन्याभरात चाळीस रिव्ह्यू दिसू लागले. भाच्याची नोकरी शाबूत आहे. तो आता विचारतो, "माझे हात स्वच्छ आहेत का, मामा?"

आम्ही त्याला खोटी शाबासकी दिली नाही. हात धुतले आहेत, पण घर तेच आहे, असे आम्ही म्हणालो. तो दुसरी जागा शोधतो आहे. मिळेपर्यंत ६० दिवसांची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर आहे, आमच्या नाही, हे आम्ही विसरत नाही. त्याने "नाही" म्हटल्याने एकही खोटा रिव्ह्यू कमी झाला नाही, हे खरे आहे. पण मालकाला एक माणूस असा भेटला की ज्याने "सगळेच करतात" हे वाक्य खोटे ठरवले. तेवढ्यापुरते तरी ते वाक्य आता त्या कचेरीत खरे राहिलेले नाही.

आम्ही आमचे पाच तारे काढून टाकले. मधुकाकांचा लगेच फोन आला. ते दुखावले होते. आम्ही त्यांच्याकडून पुढच्या मलिद्याच्या कार्यक्रमाला जेवण मागवले, जेवलो, आणि मग पुन्हा लिहिले: चव फार छान, माणसे अगत्यशील, जेवण दीड तास उशिरा आले. त्यांनी पंधरा दिवस आमच्याशी अबोला धरला. हल्ली जेवण वेळेवर येते, असे ऐकतो.

आमच्या वाचकांपैकी जे या धंद्यात आहेत, त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक असणार. रेघ आम्ही ओढली तिथेच असावी, की अलीकडे, की पलीकडे, हे त्यांनी आम्हांला जरूर लिहून कळवावे. मात्र पत्राखाली नाव आणि गाव असावे.